चिनारचा पातेरा

आमच्या कोकणात पानगळ म्हणजे माघ-फाल्गुनातलं काम. झाडांखाली पातेरा साचतो, तो झाडून गोळा करायचा आणि भाजावळीसाठी शेतात नेऊन टाकायचा. त्यात बघण्यासारखं काही असतं असं आमच्या घरात कुणालाच कधी वाटलं नव्हतं. म्हणूनच “पानगळ बघायला काश्मीरला जाऊ या” असं मी म्हटलं तेव्हा अम्मीला हसू आवरेना. “पातेरा बघायला एवढा खर्च?”

पण ती आली. सत्तरी ओलांडलेली अम्मी, तिचे दुखरे गुडघे, माझे मिस्टर, दहावीतली लेक आणि मी. ‘चालणं जमेल तेवढंच, बाकी गाडीतून’ हे घरूनच ठरवून निघालो होतो.

काश्मिरात या ऋतूला ‘हरूद’ म्हणतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून पानं रंग बदलू लागतात, आणि चिनार खरे भरात येतात ते ऑक्टोबरच्या शेवटच्या व नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दिवस लहान होतात, रात्री गारठा पडतो, तसं झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं. हिरवा रंग ओसरला की खाली दडलेला पिवळा दिसू लागतो. लाल रंग मात्र पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी असेल तर तो जास्त खुलतो. जोराचा पाऊस-वारा आला तर सगळा खेळ दोन दिवसांत आटोपू शकतो, म्हणून हाताशी एखादा जादा दिवस ठेवावा.

गाडीचा खरा फायदा श्रीनगर ते पहलगाम या रस्त्यावर कळला. अंतर साधारण नव्वद किलोमीटर. दिवसभरासाठी टॅक्सी करा आणि ‘वाटेत थांबत थांबत जायचं आहे’ हे चालकाला आधीच सांगा, नाहीतर तो पहलगामलाच नेऊन उतरवतो. शहराबाहेर पडताच पांपोरची केशराची शेतं लागतात. याच दिवसांत ती फुलतात. मातीलगत जांभळी फुलं आणि ती वेचायला वाकलेली अख्खी कुटुंबं. एका फुलात केशराच्या तीनच काड्या असतात. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात हे ऐकल्यावर अम्मीने भावाची घासाघीस सोडून दिली.

पुढे बिजबेहाऱ्याला पादशाही बागेतले जुने चिनार आहेत. बाग दारा शिकोहने वसवलेली. खोड एवढं रुंद की आम्ही तिघांनी हात धरले तरी वेढा पुरा होईना. तिथून लिद्दर नदीच्या काठाने रस्ता चढू लागतो, आणि चढता चढता ऋतूही पुढे सरकतो. श्रीनगर सुमारे सोळाशे मीटरवर आहे, पहलगाम एकवीसशेच्याही वर. खाली चिनारात अजून हिरवी पानं शिल्लक होती. मध्ये पॉप्लर पिवळेधमक, आणि वर पोहोचेपर्यंत अक्रोड उघडे पडलेले. देवदार आणि पाइन मात्र हिरवेच, त्यामुळे पिवळा रंग आणखीच उठून दिसतो. पहलगामहून पुढे आरूकडे बाहेरची टॅक्सी चालत नाही, स्थानिक गाडी करावी लागते. आम्ही तो बेतच सोडला आणि नदीकाठाने पायी फिरलो. अम्मी एका दगडावर टेकली, आम्ही तासभर चालून आलो.

दुसऱ्या दिवशी निशात बाग. नूरजहाँचा भाऊ आसफ खान याने १६३३ साली बांधलेली, डोंगराच्या उतारावर बारा टप्प्यांची. सुंदर आहे, पण पायऱ्या फार. गुडघे दुखत असतील तर खालच्या दोन टप्प्यांवर समाधान मानावं.

त्यापेक्षा नसीम बाग. हजरतबलला जोहरची नमाज अदा करून आम्ही शेजारीच असलेल्या या बागेत गेलो. मोगलांच्या काळातली ही चिनारांची बाग आता काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. जमीन सपाट, सावली दाट, आणि पायाखाली घोट्यापर्यंत लाल-तपकिरी पानं. अम्मी काठी टेकत अर्धा तास चालली. मुंबईत बिल्डिंगच्या गेटपर्यंत जायला ती रिक्षा मागते.

लेकीला व्हिडिओ काढायचा होता. एका झाडाखाली पानांचा छान ढीग दिसला, तिने दोन्ही हातांनी पानं उचलून हवेत उडवली. पुन्हा उडवली. तेवढ्यात झाडापलीकडून फेरन घातलेली एक वयस्क बाई आली. हातात झाडू, खांद्यावर रिकामं पोतं. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली.

अम्मीच्या लक्षात आधी आलं. “अगं, तो तिचा पातेरा आहे. तिने झाडून ठेवलाय.”

मग आमच्या मोडक्यातोडक्या उर्दूत आणि बाईंच्या हातवाऱ्यांत गोष्ट उलगडली. ही पानं पेटवायची, पण राख होऊ द्यायची नाही. धुमसत असतानाच वरून पाणी शिंपडून विझवायची. मागे उरतो तो हलका कोळसा. तो कांगडीत, म्हणजे वेतात विणलेल्या मातीच्या शेगडीत घालतात. कांगडी फेरनच्या आत धरली की कडाक्याच्या थंडीतही अंग ऊबदार राहतं. बाईंनी झाडाखालच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. तीन भरली होती. हिवाळ्याला पुरतील का, असं अम्मीने विचारलं. त्यांनी मान हलवली, आणखी बरीच लागतात.

लेक ओशाळली. मोबाइल खिशात टाकून विखुरलेली पानं गोळा करू लागली, पण तिला ते जमेना. ओंजळीतून अर्धी पानं खाली पडत होती.

“असं नाही,” म्हणत अम्मी बाकावर बसली. तिने पोत्याचं तोंड दोन्ही गुडघ्यांत धरून उघडं केलं आणि बाईंना खुणेने सांगितलं, टाका यात.