रिकामी टाकी अधिक धोक्याची

घरातली जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर हौसेने जपणारे अनेक जण आहेत. ही गाडी रविवारी बाहेर निघते आणि एरवी गॅरेजमध्ये उभी असते. दार उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, की ‘जुनी गाडी आहे, वास येणारच’ असे म्हणून आपण गप्प बसतो. जुन्या टाकीला हवेसाठी छिद्र असते, त्यामुळे हलका वास येऊ शकतो. पण दार उघडताच नाकात भरणारा वास म्हणजे गळती, असेच आधी धरून चालावे.

टाकी गळते का? अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा शिरते आणि रात्रीच्या गारव्यात तिच्यातले बाष्प पाणी होऊन तळाशी साचते. तळाचा पत्रा आतून गंजतो आणि सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले, की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलमुळे फुगतात किंवा चिरतात. म्हणून टाकीला दोष देण्याआधी नळ्या, जोड आणि काट्याच्या फ्लोटचे वॉशर तपासावे. अनेकदा गळती तिथेच सापडते.

खरा धोका दुरुस्तीच्या वेळी असतो. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले, की भडका उडतो. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच कमी असते. रिकाम्या टाकीत मात्र हवा आणि वाफ यांचे नेमके हेच मिश्रण तयार होते. ४० लिटरच्या टाकीत त्यासाठी चमचाभर उरलेले पेट्रोल पुरते. ‘टाकी रिकामी केली, आता वेल्डिंग करा’ हे वाक्य म्हणूनच जीवघेणे ठरते.

योग्य क्रम असा आहे. गाडी मोकळ्या हवेत आणावी, वाफ विरू द्यावी आणि मग बॅटरी सोडवावी. पेट्रोल इंधनासाठीच्या झाकणबंद डब्यात काढावे, साध्या प्लॅस्टिकच्या बादलीत नव्हे. प्लॅस्टिकवर साचलेल्या स्थिर विजेची ठिणगीही आग लावू शकते. नळीने तोंडाने ओढून पेट्रोल काढू नये. ते सहज फुफ्फुसात उतरते आणि गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. कोणी गिळलेच तर उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

उतरवलेली टाकी गरम पाणी आणि डिटर्जंटने पुनःपुन्हा धुवावी. मग तोंडे बंद करून अगदी हलक्या दाबाची हवा भरावी आणि बाहेरून साबणाचे पाणी लावावे. जिथे बुडबुडे येतील तिथे छिद्र आहे. डाग देणे किंवा वेल्डिंग हे काम टाक्यांचा अनुभव असलेल्या कारागिराकडेच द्यावे. धुतल्यावरही गंजात आणि सांध्यांत पेट्रोल दडून राहते आणि उष्णतेने बाहेर येते. म्हणून जाणकार कारागीर टाकीत पाणी किंवा नायट्रोजनसारखा वायू भरून मगच आंच लावतात. अनेक जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर शिसे आणि कथील यांचा मुलामा असतो. त्यामुळे घासताना मास्क आवश्यक आहे. ही धूळ मुलांपासून दूर ठेवावी. एक-दोन छिद्रे असतील, तर गंज काढून आत इथेनॉलला टिकणारे अस्तर द्यावे. तळाची चाळण झाली असेल, तर नवी टाकीच बसवावी.

वाटेत गळती लागली, की छिद्रावर साबणाची वडी घासण्याची मेकॅनिक मंडळींची युक्ती काही काळ चालते, कारण साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. पण ती गॅरेज गाठण्यापुरतीच!

गळकी गाडी घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये ठेवू नये. पेट्रोलच्या वाफेने डोके दुखते, गरगरते. त्यातले बेंझिन हे कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले रसायन आहे. गाडी जपायची हौस जरूर असावी, पण वास आला की आधी दारे-खिडक्या उघडाव्यात आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नये.