विश्लेषण : आटलेले गाणे पुन्हा कसे सुचते?

चिखली तालुक्यातील उंद्री आणि आसपासच्या गावांत गाण्याला वर्षभर काम असते. हरिनाम सप्ताह, गणपती, नवरात्र, १४ एप्रिलची जयंती, लग्नाची हळद अशी निमित्ते संपत नाहीत. अशा वेळी चार ओळी रचून देणारा कुणीतरी बहुतेक गावांत असतो. तो शेतकरी असतो, शिक्षक असतो किंवा भजनी मंडळातला पेटीवाला. कधी कधी त्याची वही मिटते ती वर्षानुवर्षे उघडतच नाही. लोक विचारतात, ‘यंदा नवीन काही नाही का?’ आणि उत्तर देता येत नाही. हे का होते आणि अशी मिटलेली वही उघडते कशी, याची उत्तरे काही कवी-गीतकारांच्या वाटचालीत सापडतात. त्यांतले एक ठळक नाव बुलढाणा जिल्ह्यातलेच आहे.

गाणे सुचेनासे होते म्हणजे नेमके काय?

इंग्रजीत याला ‘रायटर्स ब्लॉक’ म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ एडमंड बर्गलर यांनी १९४०च्या दशकात हा शब्द रूढ केला. त्यांनी त्याचे मूळ मनाच्या खोल तळाशी शोधले. पुढच्या अभ्यासकांनी मात्र साध्या कारणांकडे लक्ष वेधले.

अमेरिकेतील माइक रोझ यांनी १९८०मध्ये लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांच्या लेखनाचा अभ्यास मांडला. त्यातील पाच जण लिहिताना अडत होते, पाच अडत नव्हते. अडणाऱ्यांची बुद्धी कमी नव्हती. त्यांनी स्वतःवर नियम लादून घेतले होते. पहिलेच वाक्य वाचकाला पकडणारे हवे, हा त्यातलाच एक. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण जमले नाही तर ते नियम बाजूला ठेवत.

गाणे रचणाऱ्याचेही असेच होते. एखादे गाणे गावाने उचलून धरले की पुढच्या गाण्याचा मुखडा त्याच तोलाचा हवा, असे वाटू लागते. मग पहिली ओळ लिहायच्या आधीच खोडली जाते.

बुलढाणा जिल्ह्यातले उदाहरण कोणते?

कवी ना. घ. देशपांडे यांचे. जन्म १९०९, सिंदखेडराजा. आयुष्य गेले मेहकरात, वकिली करत. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३०च्या दशकात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि महाराष्ट्रभर पोहोचली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना या गाण्याचे नाव सुरुवातीलाच येते.

पुढचा भाग विचार करण्यासारखा आहे. एवढी प्रसिद्धी मिळूनही ‘शीळ’ हा पहिला संग्रह यायला १९५४ उजाडले. दुसरा संग्रह ‘अभिसार’ १९६३मध्ये आला. त्यानंतर तिसऱ्या संग्रहासाठी तब्बल २२ वर्षे गेली. ‘खूणगाठी’ १९८५मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कवीचे वय पंचाहत्तरीच्या पुढे होते. त्याच संग्रहाला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नव्वदच्या दशकात ‘गुंफण’ आणि ‘कंचनीचा महाल’ ही पुस्तकेही आली. कंचनीचा महाल ही मेहकरातलीच जुनी वास्तू.

दोन पुस्तकांमधले अंतर म्हणजे लेखणी बंद, असा अर्थ काढता येत नाही. पण एवढे नक्की दिसते की, दोन दशके नवा संग्रह न येऊनही कवी संपत नाही. मोठ्या शहरात न जाता, तालुक्याच्या गावी राहून, उतारवयातही पुढचे पुस्तक येऊ शकते.

जगप्रसिद्ध गीतकारही अडतात का?

अडतात. इंग्लंडचे गायक-गीतकार स्टिंग यांचे उदाहरण ताजे आहे. २००३च्या ‘सेक्रेड लव्ह’ या अल्बमनंतर त्यांना नवी गाणी सुचेनाशी झाली. या काळात त्यांनी गाणे सोडले नाही. २००६मध्ये त्यांनी सोळाव्या-सतराव्या शतकातील संगीतकार जॉन डाउलंड यांची गाणी गायली. नंतर हिवाळ्याची जुनी लोकगीते गायली, स्वतःचीच जुनी गाणी वाद्यवृंदासह पुन्हा सादर केली. स्वतःचे नवे मात्र काही येत नव्हते.

वाट सापडली ती गावाकडे. स्टिंग हे इंग्लंडच्या ईशान्येकडील वॉल्सेंडचे. लहानपणी घराजवळच जहाजबांधणीचा कारखाना होता. याच गावातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी तरुणपणी धडपड केली होती. आता त्यांनी जहाज बांधणाऱ्या त्याच कामगारांच्या तोंडी गाणी घातली आणि गाणी भराभर येऊ लागली. २०१३मध्ये ‘द लास्ट शिप’ हा अल्बम आला, २०१४मध्ये त्याच नावाची संगीतिका न्यूयॉर्कच्या रंगमंचावर गेली. ‘मी’ बाजूला झालो आणि इतरांना बोलू दिले, तेव्हा गाणी परतली, असा २०१४च्या ‘टेड’ व्याख्यानातील त्यांच्या म्हणण्याचा सारांश आहे.

दुसऱ्याच्या तोंडी गाणे दिल्याने काय बदलते?

स्वतःच्या मनातले सांगायचे तर साठा मर्यादित असतो. शिवाय ‘लोक काय म्हणतील’ हा धाक असतो. बोलणारा दुसरा असला की शब्द, राग, लाज, हट्ट सगळे त्याचे होते. रचणाऱ्याला फक्त ऐकावे लागते.

मराठीत याचा सर्वांत मोठा दाखला ‘गीतरामायण’ आहे. ग. दि. माडगूळकरांनी ५६ गीते लिहिली. ती रामायणातील वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत. कौसल्या, दशरथ, विश्वामित्र, भरत, शूर्पणखा, शबरी, हनुमान यांतला प्रत्येक जण आपल्या भाषेत बोलतो. कथा सगळ्यांना ठाऊक होती. नवे होते ते बोलणाऱ्याचे मन.

ना. धों. महानोर यांची वाटही जवळची. अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडे हे त्यांचे गाव. कॉलेज सोडून ते शेतीत उतरले आणि १९६७मध्ये ‘रानातल्या कविता’ आल्या. १९७७च्या ‘जैत रे जैत’ चित्रपटासाठी मात्र त्यांना स्वतःच्या शेताबाहेर यावे लागले. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट ठाकर आदिवासींचा. तिथली माणसे, डोंगर, मधमाश्या हे सगळे वेगळे होते. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातली ती गाणी आजही ऐकली जातात.

प्रेरणेची वाट पाहावी की दिवस ठरवावा?

‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत, असा क्रम वर्षभर चालला. सीताकांत लाड यांची ही योजना. संगीत सुधीर फडके यांचे. पहिल्याच गीताचा कागद ऐनवेळी हरवला आणि वैतागलेल्या गदिमांनी एका खोलीत बसून ते थोड्या वेळात पुन्हा लिहून दिले, हा किस्सा अजूनही सांगितला जातो.

किस्सा बाजूला ठेवला तरी वेळापत्रक खरे आहे. रेडिओची वेळ पुढे सरकत नव्हती. वाट पाहणारा संगीतकार होता, ऐकणारे श्रोते होते. मुदत गळ्यात पडली की ‘अजून चांगले सुचेल’ ही सबब उरत नाही. गावातल्या रचनाकाराला हीच मुदत सप्ताहाच्या तारखेतून किंवा जयंतीच्या मिरवणुकीतून मिळू शकते.

निमित्त संपले की गाणे संपते का?

बऱ्याचदा हो. जात्यावरच्या ओव्या हे त्याचे उदाहरण. पहाटे दळताना बायका दोन-दोन ओळी रचत, एकीची ओवी दुसरी पुढे नेत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी मागे पडली. बायकांची प्रतिभा आटली नव्हती. हाताची लय आणि शेजारी बसून ऐकणारी सोबतीण गेली होती.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतीकाम करताना त्या गात, ऐकणारे ते टिपून ठेवत. त्यांच्या निधनानंतर, १९५२मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली. म्हणजे गाणे थांबले तर पहिला प्रश्न ‘माझ्यात काय कमी आहे?’ हा नको. आधी गाणे कोणत्या कामासोबत यायचे, कुणासमोर म्हटले जायचे, त्यातले काय सुटले, हे पाहायला हवे.

उंद्रीत बसून सुरुवात कशी करता येईल?

बोलणारा बदला : सोयाबीनचा भाव विचारून परतणारा शेतकरी, कापूस वेचणारी बाई, सैलानीच्या यात्रेतला दुकानदार, अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीकडे डोळे लावून बसलेला म्हातारा. यांपैकी एकाच्या तोंडी आठ ओळी लिहाव्यात. त्यात ‘मी’ म्हणजे तोच.

आधी ऐका, मग लिहा : घरातल्या आजीकडून, मावशीकडून ओव्या म्हणवून घ्याव्यात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. पण त्यांना विचारून.

ओळखीची चाल घ्या : शब्द आणि चाल दोन्ही नवे हवे, हा हट्ट सोडावा. भजनाच्या किंवा ओवीच्या पारंपरिक चालीवर शब्द बसवले की मात्रा आपोआप सांभाळल्या जातात. चित्रपटगीताची चाल सरावापुरती ठीक. ती वापरून गाणे प्रसारित केल्यास स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो.

लहान मुदत, एक श्रोता : आठवड्यातला एक वार ठरवावा. त्या दिवशी जे असेल ते एका माणसाला म्हणून दाखवावे. तो कौतुक करणाराच हवा असे नाही. दर आठवड्याला येणारा हवा.

खोडणे उद्यावर : लिहिणे आणि दुरुस्त करणे एकाच बैठकीत करू नये. मुखडा सुचत नसेल तर कडव्यापासून सुरुवात करावी.

केव्हा वेगळा विचार करावा?

गाणे न सुचणे हा आजार नाही. पण गाण्याबरोबरच जेवण, झोप, माणसांत मिसळणे यातलेही मन उडाले असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. तेव्हा वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून चोवीस तास सुरू असतो.

तसे काही नसेल, तर घाई करण्याचे कारण नाही. स्टिंग यांना दहा वर्षे लागली. मेहकरच्या कवीचे तिसरे पुस्तक दुसऱ्यानंतर २२ वर्षांनी आले. मात्र स्टिंग त्या काळात इतरांची गाणी गातच होते. स्वतःची वही कोरी असली तरी भजनाला जाऊन टाळ धरता येतो, दुसऱ्याचे गाणे म्हणता येते. गाण्याशी संबंध तुटला नाही, तर परतायची वाट मोकळी राहते.