दोन तारखांच्या मधले दिवस

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारचा एकवीस वर्षांचा एक पोरगा आहे. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. घरी कोरडवाहू शेती, सोयाबीन नि तूर. हंगाम सरला की हाताला काम नाही. संध्याकाळ झाली की फाट्यावर जायचं, दोस्तांत बसायचं. आधी खर्रा, मग गांजा. दोन-तीन वर्षांत गत अशी होते की चिलीम ओढल्याशिवाय जेवण जात नाही आणि झोप लागत नाही. एक दिवस खिशात पुडी सापडते, गुन्हा दाखल होतो, तो कोर्टात कबूल करतो. न्यायाधीश त्याला तुरुंगात न पाठवता बॉण्डवर सोडतात आणि उपचार घ्यायला सांगतात. आई कोर्टाच्या आवारातच देवाला हात जोडते. पुढची तारीख तीन महिन्यांनी असते.

पोरगा काल्पनिक आहे, पण त्याला मिळालेली वाट कायद्यातली आहे. मला लिहायचं आहे ते मधल्या तीन महिन्यांबद्दल. कोर्ट त्याला तारखेला पाहतं, डॉक्टर ओपीडीच्या दिवशी पाहतात. तलफ येते ती मंगळवारी रात्री अकराला, नाहीतर सोयाबीनचे पैसे हातात पडतात त्या दुपारी. त्या वेळी त्याच्याजवळ कोण असतं? बहुतेक वेळा तेच दोस्त, ज्यांच्या संगतीत चिलीम पेटली होती.

आधी कायदा नीट समजून घेऊ, कारण अनेक घरांना तो माहीतच नसतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं नाव निघालं की वीस वर्षांच्या शिक्षा आठवतात. त्या मोठ्या साठ्याला आहेत. अल्प प्रमाण म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, हेरॉइन म्हणजे गर्द पाच ग्रॅमपर्यंत. सेवनाबद्दल कलम २७ खाली जास्तीत जास्त एक वर्ष, गांजासारख्या पदार्थांना सहा महिने, किंवा दंड. आरोपी व्यसनी आहे आणि गुन्हा सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आहे, असं दिसलं तर कलम ३९ न्यायालयाला मोठी मोकळीक देतं: वय, स्वभाव, पूर्वायुष्य, शरीर-मनाची अवस्था पाहून, त्याच्या संमतीने, त्याला सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचारासाठी सोडता येतं. उपचाराचा अहवाल वर्षाच्या आत कोर्टापुढे ठेवायचा. तो समाधानकारक असेल तर समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बॉण्डवर त्याला मोकळं करता येतं. स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण देणारं कलम ६४अ सुद्धा याच कायद्यात आहे.

पण व्यसनापायी कोर्टात येणारी सगळी पोरं या कायद्याखाली येत नाहीत. कुणी मोटारपंपाची वायर चोरलेली असते, कुणी दारूच्या नशेत हाणामारी केलेली असते. त्यांच्यासाठी १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा, म्हणजे बोलीत ‘प्रोबेशन’. त्यातलं कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांसाठी आहे. जन्मठेपेपर्यंत जाणारे गुन्हे सोडले, तर अशा मुलाला तुरुंगात धाडण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा आणि तुरुंगच का हवा याची कारणं लिहावीत, असं ते सांगतं. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. विशीतल्या पोराला पक्क्या गुन्हेगारांच्या बराकीत घातलं तर तो काय शिकून बाहेर येईल, हे ओळखून ते लिहिलेलं आहे.

प्रोबेशनचा जन्मही व्यसनी माणसाच्याच खटल्यातून झाला. १८४१ साली बोस्टनच्या पोलीस कोर्टात जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा कारागीर बसला होता. एका दारुड्याला शिक्षा होणार होती. ऑगस्टसने त्याची जबाबदारी मागितली आणि काही आठवड्यांनी त्याला शुद्धीवर, नीटनेटका असा परत कोर्टात उभा केला. १८५९ मध्ये मरेपर्यंत त्याने जवळजवळ दोन हजार माणसांना अशी साथ दिली. मॅसॅच्युसेट्सने प्रोबेशनचा पहिला कायदा केला तो १८७८ मध्ये, त्याच्या मागाहून. म्हणजे आधी सोबत करणारा माणूस आला आणि कायदा नंतर. आपल्याकडे कायदा आला, पण जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या अधिकाऱ्यावर फायलींचा इतका बोजा असतो की गावातल्या एका पोराच्या मंगळवार रात्रीपर्यंत पोचणं त्याला शक्यच नाही.

मग पोचणार कोण? जो स्वतः त्यातून गेला आहे, तो. जगभर ज्याला ‘पीअर कोचिंग’ म्हणतात त्याचा गाभा एवढाच आहे. व्यसन सोडून काही वर्षं झालेला, थोडं प्रशिक्षण घेतलेला माणूस नव्याने सोडू पाहणाऱ्याच्या सोबतीला द्यायचा.

आपल्या वऱ्हाडाला ही कल्पना परकी वाटू नये. शेंडगावच्या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. तेच पोर पुढे गाडगेबाबा झालं. बाबा कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढत, आणि दारूवर बोलत तेव्हा त्यामागे स्वतःच्या घराची राखरांगोळी होती. ऐकणाऱ्याला ते कळायचं.

महाराष्ट्रात याचं सर्वांत भरीव काम पुण्यात झालं. गर्दने शहरातली तरुण पोरं गिळायला सुरुवात केली होती, अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. सुनंदाताई मनोविकारतज्ज्ञ होत्या, तरी सगळा कारभार डॉक्टरांच्याच हाती राहावा असा त्यांचा आग्रह नव्हता. तिथून बरे झालेले कितीतरी जण पुढे तिथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्याने दाखल झालेला माणूस थरथरत बसलेला असतो, आणि त्याच्याशी बोलणारा कधीकाळी तसाच थरथरत तिथे आलेला असतो. व्यसन सोडल्याचा वाढदिवस तिथे साजरा होतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या बैठकाही याच तत्त्वावर चालतात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुडे एकमेकांशी बोलले, तिथून ते सुरू झालं.

सोबती नेमकं करतो काय? वर सांगितलेल्या पोराचीच रात्र घेऊ. गांजा बंद करून चार दिवस झालेत. चिडचिड, भूक नाही, अंगाला घाम. तो फोन करतो, “भाऊ, झोपच नाही लागून राह्यली. डोकं फुटते आता.” पलीकडचा म्हणतो, “मले बी नोती लागत. दोन हप्ते मी रातभर आंगनात फिरो. तू घराच्या बाहीर ये, मी निघालोच.” दोघं रस्त्याने चालत राहतात. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतो, हे डॉक्टरांनीही सांगितलेलं असतं. पण ज्याच्या अंगावरून ते गेलंय त्याने सांगितलं की पोराला ते खरं वाटतं.

दिवसाची कामं साधी असतात. तारखेला सोबत एसटीने जाणं. ओपीडीत रांगेत बसणं. सोयाबीनचा पैसा हातात आला की तो त्याच दिवशी आईच्या किंवा बँकेच्या खात्यात जाईल हे पाहणं. फाट्यावरून घरी जायची वाट बदलायला लावणं. शेलूबाजारला हे सोपं नाही. नागपूर-संभाजीनगरचा जुना रस्ता आणि अकोला-मंगरुळपीर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या समृद्धी महामार्गाच्या पहिल्या टप्प्यावरही इथे इंटरचेंज आहे. अशा गावात फाटा टाळून राहायचं म्हणजे दिवसच नव्याने आखावा लागतो, आणि तो कसा आखायचा हे गावातलाच माणूस सांगू शकतो.

सोबत्याला आपली हद्दही कळली पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. तिथे आधी दवाखानाच. उलट, रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश सोडल्यावरही काही आठवडे सापडू शकतो. एवढी माहिती असलेला सोबती, तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून हाय खाल्लेल्या पोराला आणि भडकलेल्या बापाला सावरू शकतो.

अमेरिकेत व्हर्माँट विद्यापीठाच्या स्टीफन हिगिन्स यांनी नव्वदीच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांवर आणखी एक गोष्ट करून पाहिली. प्रत्येक स्वच्छ तपासणीला छोटं कूपन, सलग स्वच्छ राहिलं तर त्याची किंमत वाढती, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्याचा उपयोग झाला. विशीतल्या माणसाचा मेंदू लांबच्या फायद्यापेक्षा आत्ताच्या मोबदल्याला चटकन प्रतिसाद देतो. संयम राखणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. ‘आयुष्य सुधारेल’ हे त्याला फार दूरचं वाटतं. मोबाइलचं रिचार्ज त्याला आज दिसतं.

आता अवघड प्रश्न. पोरगा घसरला आणि त्याने सोबत्याला ते सांगितलं, तर सोबत्याने कोर्टाला कळवायचं का? माझं मत ठाम आहे: कळवू नये. घसरणं हा बरं होण्याच्या वाटेवर वारंवार येणारा टप्पा आहे. सांगितलं की आत जावं लागतं हे एकदा कळलं की पोरगा बोलायचा थांबतो, आणि न बोलणारा माणूस लवकर जुन्या ठिकाणी पोचतो. तपासणी, हजेरी, अहवाल ही अधिकाऱ्याची आणि डॉक्टरची कामं. सोबत्याने त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावं. कुणाच्या जीवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तो अपवाद पहिल्याच भेटीत पोराला सांगून ठेवावा.

या सगळ्याला नवा कायदा लागत नाही. १९५८ च्या कायद्यातलं कलम १३ सरकारमान्य संस्थेने दिलेल्या व्यक्तीलाही परिवीक्षा अधिकारी म्हणून काम करू देतं. म्हणजे देखरेख संस्थेकडे देता येते, आणि त्या संस्थेने सोबती वेगळा ठेवायचा. दुसरा मार्ग विधी सेवा प्राधिकरणाचा. अमली पदार्थांच्या बळींसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१५ मध्ये योजना आणली. गावोगावी विधी स्वयंसेवक नेमले जातात, त्यांना मानधन मिळतं, आणि दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या शिकलेल्या कैद्यांनाही तुरुंगात हे काम करता येतं. मग दारू किंवा गांजा सोडून पाच वर्षं झालेला गावचा माणूस त्या यादीत का नसावा?

वाशिम जिल्ह्यात सहा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात अशी चार माणसं शोधून त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून प्रशिक्षण दिलं, एसटीचं भाडं आणि फोनचा खर्च दिला, तर सुरुवात होऊ शकते. तोवर ज्या घरात आज हा प्रश्न आहे त्यांनी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांक किंवा टेलिमानसचा १४४१६ फिरवावा. वकिलाला कलम ३९ बद्दल विचारावं. आणि गावात कुणी व्यसन सोडून टिकलेला असेल, तर संकोच न करता त्याच्या दारी जाऊन म्हणावं, की आमच्या पोराशी जरा बोला.