शिखरावरची बिनतारी रोजकीर्द

रोजकीर्द सायंकाळपर्यंत पूर्ण झाली पाहिजे, हा आपल्या पेढ्यांवरील जुना दंडक. परवानाधारक हौशी रेडिओचालकही अशीच वही ठेवतो. दिनांक, वेळ, कंप्रता, समोरच्याचे सांकेतिक नाव आणि त्याचा आवाज कितपत स्पष्ट आला, हे तिचे रकाने. रुपयाचा रकाना मात्र तिच्यात नसतो. या परवान्यावर व्यापारी संदेश पाठविण्यास व मोबदला घेण्यास नियमांनीच मनाई आहे.

या छंदास 'हॅम रेडिओ' म्हणतात. संच, बॅटरी व तार पाठीवर घेऊन डोंगरमाथा गाठणे आणि तेथून संभाषण साधणे, ही त्याची एक आनंददायी शाखा. २००२ साली ब्रिटनमध्ये 'समिट्स ऑन द एअर' या नावाने तिला नियमबद्ध रूप मिळाले. मोटारीतून बोलणे किंवा इंधनावरील जनरेटर वापरणे त्यात चालत नाही.

शिखरच कशासाठी? १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दोन मीटरवर धरलेल्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज जेमतेम सहा किलोमीटरवर असते. भोवतालच्या प्रदेशाहून शंभर मीटर उंच माथ्यावर तेच सुमारे ४१ किलोमीटरवर जाते. उंची चौपट झाली की अंतर दुप्पट होते. ७ मेगाहर्ट्झच्या लहरींचे गणित निराळे. त्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होतात. सुमारे २० मीटर तार काठीच्या आधाराने ताणली, तर पाच वॅटचा संचही शेकडो किलोमीटर दूर ऐकू जाऊ शकतो.

आपला मुलूख पठारी असला, तरी लातूर जिल्ह्यात बालाघाटचे डोंगर आहेत आणि नांदेड जिल्ह्यात माहूरची शिखरे. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीशी त्यांची बरोबरी नाही. पण भोवतालचा प्रदेश सखल असल्याने थोडी उंचीही उपयोगी पडते.

या छंदाचे खरे मोल संकटात कळते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या मदतकार्यात हौशी रेडिओचालकांनीही संदेशवहनाचा भार उचलला. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली काही हौशी रेडिओचालक छंदापोटीच अंदमानला गेले होते. २६ तारखेस त्सुनामी आली आणि त्यांचे तेच संच बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवू लागले. डोंगरावर विजेविना केंद्र उभारण्याचा सराव म्हणजे अशा दिवसाची पूर्वतयारीच होय. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड भागास बसलेले धक्के आपण विसरलेलो नाही.

परवान्यासाठी किमान वय १२ वर्षे आहे. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा द्यावी लागते. विद्युत व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम हा तिचा विषय. प्राथमिक श्रेणीस मोर्स संकेताची अट नाही. सांकेतिक नावाची सुरुवात 'व्हीयू' या अक्षरांनी होते. परवान्याविना संच चालविणे गुन्हा आहे, हे मुलांना आधी सांगावे.

माथ्यावर जाताना वन विभाग वा देवस्थानाची आवश्यक ती परवानगी घ्यावी. वैशाख-ज्येष्ठात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज जीवघेणी ठरते. गडगडाट कानी पडताच अँटेनाचा मोह सोडून खाली उतरावे.

बँकेतील माझ्या नोकरीत राखीव निधीचे महत्त्व रोज पटत असे. तो बाळगण्याचा खर्च डोळ्यांस दिसतो, त्याचा लाभ मात्र अडचणीच्या दिवशीच कळतो. दहावी-बारावीनंतरच्या सुट्टीत घरातील एका मुलाने किंवा मुलीने हा परवाना मिळविला, तर त्या कुटुंबाने आपल्या गावासाठी असाच एक राखीव निधी जमा केला, असे मी समजेन.