सुलह कुणाची, सही कुणाची?

शेताच्या बांधावरून, दुकानाच्या पैशांवरून किंवा नवरा-बायकोच्या वादावरून प्रकरण पोलीस ठाण्यात जातं. एफआयआर होतो. काही महिन्यांनी राग उतरतो, नातेवाईक मध्ये पडतात, जमातीतली चार वडीलधारी माणसं बसतात आणि समझोता होतो. सगळे म्हणतात, ‘चला, केस मिटली.’ पण फौजदारी केस अशी बैठकीत मिटत नाही. हा खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. तक्रारदाराने ‘माझी आता काही तक्रार नाही’ असं लिहून दिलं, तरी तो आपोआप बंद होत नाही. तो बंद होण्याचे रस्ते दोन. ते आपल्या प्रत्येक घराला माहीत असावेत, म्हणून हा लेख.

पहिला रस्ता : तडजोडीची यादी

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये (१ जुलै २०२४ पूर्वीच्या कायद्यात हे कलम ३२० होतं) आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादीच दिली आहे. साधी मारहाण किंवा घरात बेकायदा घुसणं यासारखे गुन्हे परस्पर मिटवता येतात. फसवून पैसे उकळण्यासारख्या गुन्ह्याला न्यायालयाची परवानगी लागते. तडजोड मंजूर झाली की आरोपी निर्दोष सुटला असं धरलं जातं. लोकअदालतीत हीच प्रकरणं मिटतात आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

या यादीत एक रकाना फार महत्त्वाचा आहे : तडजोड कुणी करायची? मार ज्याला बसला त्याने. घर ज्याचं त्याने. चुलत्याने नाही, जमातीच्या अध्यक्षांनी नाही. एकाच दमात तीन तलाक देण्याविरुद्धच्या २०१९ च्या कायद्यातही हेच आहे. त्यातली तडजोड फक्त त्या पत्नीच्या म्हणण्यावरून, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने आणि त्यांनी ठरवलेल्या अटींवरच होते.

दुसरा रस्ता : उच्च न्यायालय

जे गुन्हे यादीत नाहीत, त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. पत्नीच्या छळाचं कलम (पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं ८५) या यादीत नाही. तरी पती-पत्नीत खरा समेट झाला असेल तर अशी केस उच्च न्यायालय रद्द करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बी. एस. जोशी प्रकरणात सांगितलं. २०१२ च्या ज्ञानसिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी रेषा आणखी स्पष्ट केली. व्यवहाराचे, पैशांचे, कुटुंबातले वाद समझोत्यावर संपवता येतील. खून, बलात्कार, दरोडा यासारखे गुन्हे मात्र नाहीत, कारण ते फक्त एका माणसाविरुद्ध नसतात, साऱ्या समाजाविरुद्ध असतात. २०१९ च्या एका निकालात न्यायालयाने हेही बजावलं की आरोपीचं पूर्वीचं वर्तन कसं आहे आणि समझोता कसा घडवून आणला, हे पाहायला हवं.

आम्ही शिक्षकी पेशातले असल्याने राजस्थानातलं एक प्रकरण आम्हाला विशेष लागलं. एका शिक्षकावर शाळेतल्या अल्पवयीन मुलीचा विनयभंग केल्याचा आरोप होता. पुढे मुलीच्या वडिलांनी स्टँपपेपरवर ‘गैरसमज झाला होता’ असं लिहून दिलं आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने केस रद्द केली. तेव्हा त्या कुटुंबाशी नातं नसलेले दोन गावकरी सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि खटला चालवायला सांगितलं. झळ मुलीला बसली होती. वडिलांच्या सहीने ती मिटणार नव्हती.

दीन काय सांगतो?

सुलह ही आपल्या दीनमध्ये मोठी नेकी आहे. सूरह निसामध्ये पती-पत्नीतल्या समेटाला भलाई म्हटलं आहे. वाद वाढला तर दोन्ही घरांतून एकेक पंच नेमायला सांगितलं आहे. सूरह बकरहमध्ये खुनाच्या बाबतीतही माफीचा आणि दियतचा मार्ग ठेवला आहे. पण तो मयताच्या वारसांच्या हातात, इतरांच्या नाही. सूरह हुजुरातमध्ये सुलह करा म्हणताना ती इन्साफने करा, असंही म्हटलं आहे. आणि बुखारी-मुस्लिममधली ती हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे : मखजूम घराण्यातल्या स्त्रीने चोरी केली, हजरत उसामा (रजि.) शिफारस घेऊन आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती साफ नाकारली. घराण्याची इभ्रत पाहून गुन्हा झाकायला त्यांनी नकार दिला.

आपल्या बैठकीत नेमकी इथेच चूक होते. मुलगी आतल्या खोलीत बसलेली असते, बाहेर पुरुष मंडळी आकडा ठरवतात आणि कागद तिच्यासमोर सहीला येतो. ‘खानदानची इज्जत आहे, कर सही,’ एवढंच तिला सांगितलं जातं. महर, इद्दतचा खर्च, दिलेले दागिने, मुलांचा ताबा यातलं काय लिहिलंय आणि काय गाळलंय, हे तिला कुणी वाचूनही दाखवत नाही. ही सुलह नाही, ही दडपण आणून घेतलेली सही आहे.

म्हणून पाच गोष्टी पाळाव्यात. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याशी आधी एकट्याने बोलावं. कागद त्याला समजेल त्या भाषेत, मराठीत किंवा उर्दूत, पूर्ण वाचून दाखवावा. रक्कम हप्त्याने ठरली असेल तर शेवटचा हप्ता केस रद्द होण्याच्या दिवशी न्यायालयातच मिळेल, असं लिहून घ्यावं. मुलांचा नफका आईने सोडून दिला असं लिहू नये. तो हक्क मुलांचा आहे. सहीपूर्वी वकिलाला विचारावं. स्त्रियांना, मिळकत कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

भांडण मिटवणाऱ्या वडीलधाऱ्यांचं काम मोठं आहे आणि अनेक संसार त्यांच्यामुळेच वाचतात. त्यांना आमची एवढीच विनंती, की पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न रकमेचा नको. ज्याचं नुकसान झालं त्याला विचारा, ‘तुला खरंच माफ करायचं आहे का?’ तो किंवा ती ‘नाही’ म्हणाली, तर बैठक तिथेच थांबवा.