औषधांची नावे आणि औषधांची तत्त्वे

विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा येते. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यानंतर आचार्यांनी त्याला आज्ञा केली, की नगराभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हातांनी परतला. औषध नाही अशी एकही वनस्पती त्याला आढळली नव्हती. तीच त्याची परीक्षा होती आणि तो तीत उत्तीर्ण झाला.

आज औषधांची संख्या हजारोंच्या घरात गेली आहे. ती सारी मुखोद्गत करणे कोणालाही शक्य नाही. मग औषधशास्त्र, ज्याला वैद्यकीय महाविद्यालयांत फार्माकॉलॉजी म्हणतात, ते शिकणाऱ्याने प्रथम काय आत्मसात करावे? अलीकडे अनेक देशांतील अध्यापकांनी एकत्र येऊन याच प्रश्नाचा विचार केला आणि या शास्त्राच्या २५ मूलभूत संकल्पना निश्चित केल्या. भारतातही २०१९ पासून वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम केवळ माहितीवर नव्हे, तर क्षमतेवर आधारलेला आहे. या संकल्पनांपैकी चार येथे पाहू. उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात हिवतापाचे रुग्ण मोठ्या संख्येने ज्या जिल्ह्यांत आढळतात, त्यांतील गडचिरोली आपलाच आहे.

पहिली संकल्पना लक्ष्याची. औषध शरीरात जाऊन एखाद्या निश्चित ठिकाणी कार्य करते. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात क्लोरोक्वीन रक्तातील जंतूंचा नाश करते आणि ताप उतरतो. परंतु या जातीचे काही जंतू यकृतात सुप्त राहतात. तेथे क्लोरोक्वीनचा प्रभाव पडत नाही. त्यासाठी प्रायमाक्वीन लागते. म्हणून क्लोरोक्वीन तीन दिवस आणि प्रायमाक्वीन चौदा दिवस दिले जाते. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देणाऱ्याला काही महिन्यांनी पुन्हा थंडी वाजून येते, ती अनेकदा या सुप्त जंतूंमुळे.

दुसरी संकल्पना मात्रेची. क्लोरोक्वीनची एकूण मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे २५ मिलिग्रॅम असते. पहिले दोन दिवस दहा-दहा आणि तिसऱ्या दिवशी पाच, अशी ती विभागली जाते. कमी मात्रेने जंतू पुरते मरत नाहीत. अधिक मात्रेने रुग्णाच्याच जिवाला धोका पोहोचतो. घरोघरी असणारे पॅरासिटामॉलही मर्यादेबाहेर घेतल्यास यकृताची हानी करते. जीवकाला प्रत्येक वनस्पती औषध वाटली. त्याला औषधशास्त्र एवढीच जोड देते, की औषध आणि विष यांतील अंतर बहुधा मात्रेचे असते.

तिसरी संकल्पना औषधाच्या शरीरातील प्रवासाची. औषध शोषले जाते, सर्वत्र पसरते, त्याचे रूपांतर होते आणि अखेर ते बाहेर टाकले जाते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. असे पाच काळ उलटले, की सुमारे तीन टक्केच औषध उरते. फाल्सिपॅरम जातीच्या घातक हिवतापावरील आर्टेसुनेट झपाट्याने काम करते, मात्र काही तासांतच शरीरातून निघून जाते. म्हणून त्याच्यासोबत दीर्घकाळ टिकणारे दुसरे औषध दिले जाते. मागे राहिलेले थोडे जंतू ते दुसरे औषध संपवते. एकच औषध वापरल्यास त्याला न जुमानणारे जंतू वाढण्याचा धोका अधिक असतो.

चौथी संकल्पना व्यक्तिभिन्नतेची. सिकलसेल आपल्या भागात सर्वांच्या परिचयाचा आहे. लाल पेशींचा आणखी एक वंशपरंपरागत दोष असतो. त्यात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी पडते. अशा व्यक्तीला प्रायमाक्वीन दिल्यास लाल पेशी फुटू लागतात आणि लघवी गडद रंगाची होते. हा दोष पुरुषांत अधिक आढळतो. गर्भवती स्त्रिया आणि तान्ही बाळे यांनाही हे औषध देत नाहीत. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही चालेल, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

नावे पाठ करण्यापेक्षा तत्त्वे का शिकावीत, याचे उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवक व सुईणी यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास आणि को-ट्रायमोक्साझोल देण्यास शिकवले. बालमृत्यू घटले आणि त्याचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे या आजारावर को-ट्रायमोक्साझोलऐवजी अमॉक्सिसिलीन देण्याची शिफारस झाली. औषधाचे नाव बदलले. श्वास मोजून आजार ओळखणे, बाळाला योग्य मात्रा ठरवणे, ती ठरल्या दिवसांपर्यंत पूर्ण करणे आणि धोक्याची लक्षणे दिसताच रुग्णालयात पाठवणे, हे मात्र बदलले नाही. ज्याने केवळ नाव पाठ केले त्याचे ज्ञान जुने झाले. ज्याने कारण समजून घेतले त्याला नवे औषध शिकणे जड गेले नाही.

चंद्रपुरात २०१५ साली आणि गडचिरोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आपल्या शाळेतील काही विद्यार्थी डॉक्टर, परिचारिका किंवा औषधनिर्माते होतील, तर काही मुली आशा कार्यकर्त्या म्हणून गावात उभ्या राहतील. पावसाळ्यात, रोवणीच्या ऐन दिवसांत, एखादी आई त्यांना विचारील, “ताप तर गेला, आता या गोळ्या कशाला?” त्या क्षणी पाठ केलेल्या नावांची यादी कामास येणार नाही. यकृतात लपलेल्या जंतूची गोष्ट तिला तिच्या बोलीत समजावून सांगता आली, तर चौदाव्या दिवसाची गोळी त्या लेकराच्या पोटात जाईल.