पिकअप गाडीचे दीर्घायुषी भाग व त्यांची राखण

भाजीपाला, दूध, खतें व बियाणें यांची ने-आण करण्यासाठीं आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं पिकअप गाडी उभी असते. जमीन व विहीर सोडल्यास कित्येकांचें सर्वांत मोठें भांडवल हेंच होय. अशी गाडी जुनी घेतांना पहिला प्रश्न विचारला जातो तो हा कीं, ती किती चालली आहे? प्रश्न वावगा नाहीं, पण अपुरा आहे. गाडीचें आयुष्य केवळ अंतरानें मोजतां येत नाहीं. हें कळण्यास अमेरिकेंतील एक उदाहरण उपयोगी पडेल.

त्या देशाच्या लुइझियाना संस्थानांत मालवाहतूक करणाऱ्या एका गृहस्थापाशीं टोयोटा कंपनीची २००७ सालची टुंड्रा पिकअप होती. २०१६ सालीं तिनें दहा लक्ष मैल, म्हणजे सुमारें सोळा लक्ष किलोमीटर, पुरे केले. पृथ्वीला चाळीस प्रदक्षिणा घालाव्या तितकें हें अंतर झालें! तरी इंजिन व गिअरबॉक्स कारखान्यांतून आलेलेच होते. कंपनीनें ती गाडी अभ्यासाकरितां परत घेतली व मालकास नवी दिली.

हें कसें घडलें? गाडीची घडण मजबूत होती, हें खरेंच. तिच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा होता. परंतु केवळ घडणीनें इतका पल्ला गांठतां येत नाहीं. तिची सरासरी चाल रोज तीनशें मैलांहून अधिक पडते, यांत एक मोठें कारण आहे. इंजिन चालू असतां क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा पातळ थर राहतो. धातू धातूस लागत नाहीं, म्हणून झीज फार थोडी होते. गाडी रात्रभर उभी राहिली म्हणजे तेल खालीं उतरतें, आणि सकाळीं चावी फिरविल्यावर तें पुन्हां सर्वत्र पोंचेपर्यंतचे क्षण झिजेचे असतात. शिवाय इंजिन पुरें तापण्यापूर्वींच बंद केलें, तर ज्वलनांतून निघालेलें पाणी तेलांत उरतें व तेल नासतें. यावरून दिसेल कीं, एकदां सुरू होऊन लांब पल्ला तोडणारी गाडी, दिवसांतून दहादां सुरू होऊन शेत ते गांव फिरणाऱ्या गाडीपेक्षां दर मैलास कमी झिजते. आपल्या शेतकऱ्याची गाडी बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. म्हणून लहान खेपा शक्य तेथें एकत्र कराव्या, आणि थंड इंजिन सुरू होतांच एकदम रेटूं नये.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. गाडींत दोन जातींचे भाग असतात. इंजिनाचा ठोकळा, क्रँकशाफ्ट, गिअरबॉक्स व सांगाडा हे टिकण्यासाठीं केलेले. तर तेल, फिल्टर, पट्टे, कूलंट व ब्रेकचे लायनर हे खर्ची पडण्यासाठींच केलेले. दुसऱ्या जातीचे भाग स्वतः झिजून पहिल्यांस वांचवितात. उपरोक्त टुंड्राचेंच पाहा. तिच्या इंजिनांतील टायमिंग बेल्ट दर नव्वद हजार मैलांनीं बदलावा, असा निर्मात्याचा नियम आहे. म्हणजे दहा लक्ष मैलांच्या प्रवासांत तो अकरा वेळां बदलावयास हवा. पुष्कळ इंजिनांत हा पट्टा चालू स्थितींत तुटला तर दट्टे व्हॉल्व्हवर आपटून इंजिनच निकामी होतें. ज्यानें पट्ट्याचे पैसे वांचविले त्यानें इंजिन गमाविलें, असा हा हिशेब आहे. मूळ भाग टिकविण्याचें रहस्य, बदलावयाचे भाग वेळेवर बदलण्यांतच आहे.

हवेचा फिल्टर हा असाच एक राखणदार होय. आपल्याकडील कच्च्या रस्त्यांच्या धुळींत वाळूचे बारीक कण असतात. ते सिलिंडरांत शिरले म्हणजे कानशीप्रमाणें काम करतात. म्हणून पक्क्या सडकेसाठीं सांगितलेली मुदत आपल्या गाडीस लागू करूं नये. सुगींत फिल्टर वारंवार पाहावा. तसेंच रेडिएटरमध्यें विहिरीचें वा बोअरचें पाणी ओतण्याची चाल टाकून द्यावी. त्यांतील क्षारांचा थर आंतून धरतो, पाण्याची वाट अरुंद होते, व भर उन्हांत चढावर इंजिन तापतें. शुद्ध पाण्यांत मिसळलेलें कूलंटच वापरावें, आणि तें ठरल्या मुदतीनें बदलावें. कारण त्यांतील गंजरोधक द्रव्यें कालांतरानें संपतात.

आतां ओझ्याविषयीं. बाजारभाव चढला कीं गाडींत चार गोण्या अधिक टाकण्याचा मोह होतो. परंतु बॉल बेअरिंगचें आयुष्य ओझ्याच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत असतें, हा यंत्रशास्त्राचा प्रसिद्ध नियम आहे. त्याप्रमाणें बेअरिंगवरील भार दुप्पट झाला तर त्याचें आयुष्य अष्टमांश उरतें. भार केवळ सव्वापट झाला तरी आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. पाटे व टायर यांसही जादा ओझें बाधतें, आणि ब्रेक लागण्यास अधिक अंतर लागतें तें वेगळेंच. एका खेपेंत वांचलेलें भाडें अशा रीतीनें दुरुस्तींत व्याजासह परत जातें.

सांगाड्याचा शत्रू गंज होय. रासायनिक खतें ओलावा शोषतात. त्यांतहि म्युरिएट ऑफ पोटॅशसारख्या खतांतील क्लोराइड लोखंडास फार लवकर खातें. खत वाहिल्यावर हौदा झाडून भागत नाहीं; हौदा व गाडीची खालची बाजू पाण्यानें धुवून वाळूं द्यावी.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. भाग मूळचा आहे म्हणून तो चांगलाच, असें नव्हे. टायरचें रबर गाडी उभी असली तरी कठीण होतें व चिरतें. ब्रेकच्या रबरी नळ्यांचेंहि तसेंच. ह्या वस्तु जुन्या ठेवण्यांत काटकसर नसून जिवाशीं खेळ आहे.

जुनी गाडी पाहावयास जाल तेव्हां मीटरचा आंकडा शेवटीं वाचावा, कारण तो फिरवितां येतो. आधीं दुरुस्तीची वही व पावत्या मागाव्या. इंजिन थंड असतांना सुरू करावयास लावावें, व निळा धूर निघतो काय तें पाहावें. निघाल्यास इंजिन तेल जाळीत आहे असें समजावें. इंजिन थंड असतांनाच रेडिएटरचें झांकण उघडून आंत तेलाचा तवंग आहे काय तें बघावें. खालीं वाकून सांगाड्याचे सांधे तपासावे. दोन लक्ष किलोमीटर चाललेली पण वही राखलेली गाडी, साठ हजार चाललेल्या व हयगय झालेल्या गाडीहून अधिक भरंवशाची ठरूं शकते.

आपल्या गाडीचीहि अशीच वही ठेवावी. तेल, फिल्टर, कूलंट व पट्टे केव्हां व किती किलोमीटरवर बदलले, तें त्याच दिवशीं लिहावें. मालाची गाडी बाजाराच्या दिवशीं वाटेंत बंद पडून टोमॅटो उन्हांत नासले, आणि मग मिस्त्री शोधला, तर तें बैल गेला आणि झोपा केला असेंच होईल. वहीचें एक पान लिहिण्यास दोन मिनिटें लागतात. इंजिन उतरविण्यास ऐन हंगामांतील कित्येक दिवस खर्ची पडतात.